गढी, तह आणि राजवाडा



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ हे व्याख्यान योजिले आहे, त्यांच्या कार्याचा परिचय या पुस्तिकेत अन्यत्र आलेला आहे. त्याची पुनरुक्ती न करता मी विषयाकडेच वळतो. विषय तटबंद घराचा, म्हणजे गढीचा आहे. मराठीत किल्ल्यांविषयी विपुल लेखन झाले. पुण्या-नाशिकच्या वाड्यांविषयीही बरेच लिहिले गेले. परंतु किल्ला आणि वाडा यांच्या मधोमध उभी असलेली गढी मात्र अभ्यासकांच्या नजरेतून बहुधा निसटली. किल्ल्याला युद्धाची कीर्ती असते, वाड्याला वैभवाची. गढीच्या वाट्याला दोन्ही थोडी थोडी आली आणि म्हणून ती कोणाच्याच यादीत नीट बसली नाही.

माझे प्रतिपादन थोडक्यात असे आहे. ज्या काळी महसूल वसूल करण्यासाठी आणि वसूल केलेला राखण्यासाठी भिंत लागत होती, त्या काळाचे गढी हे अपत्य होय. पुढे तहाच्या कागदाने भिंतीची जागा घेतली, तेव्हा गढी निकामी झाली. पण तिचे रूप लोकांच्या मनातून गेले नाही. आपल्यापासून काही कोसांवर उभा असलेला इंदूरचा राजवाडा हे त्या मनात राहिलेल्या रूपाचे सर्वांत मोठे उदाहरण आहे, असे मला वाटते. हे सिद्ध करण्यासाठी मी आपणांस आधी गढीच्या दारातून आत नेणार आहे, मग काही काळ स्कॉटलंडच्या सरहद्दीवर नेणार आहे आणि शेवटी राजवाड्याच्या चौकात आणून सोडणार आहे. स्कॉटलंडची वाट वाकडी वाटली तरी ती माळव्यातूनच निघते, हे यथावकाश ध्यानी येईल.

गढीची रचना

गढी सामान्यतः गावाच्या कडेला, थोड्या उंचवट्यावर असते. नैसर्गिक उंचवटा नसेल तर भर घालून तो तयार केलेला असतो. आकार बहुधा चौरस किंवा लंबचौरस. चार कोपऱ्यांना चार गोल बुरूज. तटाचे खालचे थर घडीव किंवा ओबडधोबड दगडाचे आणि त्यावरचे बांधकाम विटांचे अथवा निव्वळ मातीचे. दख्खनेत या कामी पांढरी चिकण माती वापरत. ती पाण्याने सहजासहजी विरघळत नाही आणि तोफेचा गोळा तिच्यात रुतून बसतो. दगडाप्रमाणे तिचे तुकडे उडत नाहीत. मातीची गढी म्हणजे गरिबाची गढी, असा जो समज आहे तो म्हणूनच अर्धाच खरा आहे.

प्रवेश एकच. दरवाजा भक्कम, लोखंडी पट्ट्या व खिळे मारलेला, आतून अडसर घालण्याची सोय असलेला. मोठा दरवाजा क्वचितच उघडायचा. रोजच्या वहिवाटीसाठी त्यातच दिंडी असायची, जिच्यातून माणसाला वाकूनच आत जावे लागे. दरवाजाच्या आत दोन्ही बाजूंना देवड्या. तेथे पहारेकरी बसत. देवडीनंतर बहुधा वाट वळते, म्हणजे बाहेरून सरळ चौक दिसत नाही. चौकाभोवती सोपे, कचेरीची जागा, देवघर, मुदपाकखाना, पागा. आड किंवा विहीर तटाच्या आतच. धान्यासाठी पेव किंवा बळद. तटावर चालण्यासाठी फांजी आणि बंदुका रोखण्यासाठी जंग्या. दरवाजावर, ऐपत असेल तर, नगारखाना.

ही यादी वाचताना एक गोष्ट लक्षात यावी. यातील निम्म्या वस्तू घराच्या आहेत आणि निम्म्या पहाऱ्याच्या. पेव आणि जंगी, देवघर आणि बुरूज, आड आणि अडसर यांची येथे जोडी जमली आहे. किल्ल्यात शिबंदी राहते आणि वाड्यात कुटुंब राहते. गढीत कुटुंब आणि शिबंदी एकाच आडाचे पाणी पितात. गढीची खरी व्याख्या मला यातच दिसते.

होळकरांच्या इतिहासात अशा वास्तूंना मोठे स्थान आहे. पुणे जिल्ह्यातील खेड तालुक्यात वाफगाव येथे होळकरांचा भुईकोट आहे. यशवंतराव होळकरांचा जन्म १७७६ मध्ये तेथलाच. त्याच्या आवारात पुढे रयत शिक्षण संस्थेने शाळा चालविली. ज्या बुरुजांच्या आडोशाने एके काळी घोडी बांधली, त्यांच्याच सावलीत मुलांनी पाढे म्हटले, ही गोष्ट शाळेच्या व्यासपीठावरून बोलताना मला आवर्जून सांगाविशी वाटते. नाशिक जिल्ह्यात चांदवड येथील होळकरांचा रंगमहालही तटबंद घराच्याच जातीचा आहे. आत लाकडी खांब आणि चित्रे, बाहेर कोट. पुण्याचा शनिवारवाडाही, बारकाईने पाहिल्यास, फार मोठी झालेली गढीच आहे. १० जानेवारी १७३० रोजी त्याचा पाया घातला गेला. पाच दरवाजे, नऊ बुरूज, दिल्ली दरवाजावर नगारखाना आणि आत लाकडी इमारतींचे चौक. २७ फेब्रुवारी १८२८ रोजी लागलेल्या आगीत आतले सर्व लाकूड जळाले आणि उरले ते तट, दरवाजे व जोती. आगीने घर नेले आणि पहारा तेवढा मागे ठेवला.

सरहद्दीवरची मनोरा-घरे

माळव्याच्या जमीनदारांचे, ठाकुरांचे आणि लुटीचा हक्क सांगणाऱ्या टोळ्यांचे पहिले विस्तृत वर्णन ज्याने लिहिले, तो सर जॉन माल्कम हा स्कॉटलंडच्या दक्षिण सरहद्दीवरचा मनुष्य. १७६९ मध्ये लँगहोम गावाजवळच्या बर्नफुट येथे त्याचा जन्म झाला. त्याच्या गावापासून थोड्याच अंतरावर गिलनॉकी नावाचा सोळाव्या शतकातील मनोरा आहे. अशा मनोऱ्यांच्या प्रदेशात तो लहानाचा मोठा झाला. म्हणून माळवा समजून घेण्यापूर्वी त्याचा मुलूख समजून घेणे अप्रस्तुत ठरणार नाही.

इंग्लंड आणि स्कॉटलंड यांच्या सीमेवर सुमारे तीन शतके अशांतता होती. दोन्ही बाजूंची घराणी रात्री सीमा ओलांडून गुरे वळवून नेत. राजाचा अंमल तेथे नावापुरताच असे. या परिस्थितीत तेथील जमीनदार जी घरे बांधत ती उभट असत. तळमजल्यावर जाड भिंतींची, दगडी घुमटीची कोठी. वरच्या मजल्यावर बैठकीचे दालन. त्याच्यावर निजण्याच्या खोल्या. आणि शेंड्यावर टेहळणीचा कठडा. वर जायला अरुंद चक्राकार जिना, दोन माणसे शेजारी शेजारी चढू शकणार नाहीत असा. दाराला आतून लोखंडी जाळीचे दुसरे दार. या मनोऱ्याभोवती गुरांसाठी एक तटबंद आवार असे, त्याला त्या मुलखात बार्मकिन म्हणत.

१५३५ मध्ये स्कॉटलंडच्या पार्लमेंटाने कायदाच केला की, ठरावीक उत्पन्नाच्या प्रत्येक जमीनदाराने दगड-चुन्याचे ६० फूट चौरस आवार बांधावे, म्हणजे संकटकाळी आजूबाजूच्या लोकांना व त्यांच्या गुराढोरांना आसरा मिळेल. आत मनोरा बांधायचा की नाही हे त्याने आपल्या सोयीने ठरवावे. कायद्याच्या दृष्टीने महत्त्व आवाराला होते, उंचीला नव्हते. हा तपशील मला फार बोलका वाटतो. ज्या राजाला आपल्या प्रजेचे रक्षण करता येत नाही, तो प्रजेला भिंती बांधायला सांगतो. तटबंद घर हे राजसत्तेच्या दुर्बळतेचे बांधीव प्रमाणपत्र आहे.

आपली गढी आडवी पसरते आणि तेथील घर उभे वाढते, हा फरक डोळ्यांत भरतो. त्याची कारणे माझ्या मते साधी आहेत. आपल्याकडे उन्हाळा आहे; हवेशीर चौकावाचून येथे राहता येत नाही. आपल्या सरदाराजवळ घोडी होती आणि घोड्यांना जिना चढता येत नाही. त्याचे कुटुंब एकत्र होते आणि कारकून, पागेदार, आश्रित यांचा परिवार मोठा होता. स्कॉटलंडमध्ये दगड मुबलक, थंडी कडक, परिवार लहान. गरज एकच असली तरी हवामान आणि कुटुंबपद्धती यांनी तिला दोन निराळे देह दिले.

घास आणि खंडणी

आता माळव्याकडे वळू. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात मराठ्यांचा अंमल येथे बसला. मल्हारराव होळकर, राणोजी शिंदे आणि पवार यांच्यात प्रदेशाची वाटणी झाली. परंतु त्यापूर्वीचे जे राजपूत जमीनदार होते, ते काही नाहीसे झाले नाहीत. ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांतील अनेकांनी डोंगराच्या वा जंगलाच्या आश्रयाने राहून आसपासच्या गावांकडून वार्षिक रक्कम मागण्यास सुरुवात केली. रक्कम मिळाली तर गाव सुरक्षित. न मिळाली तर गुरे गेली, गवताच्या गंजी जळाल्या. यांना गिरासिया म्हणत. शब्दाचे मूळ ग्रास, म्हणजे घास. आपल्या तोंडचा घास काढून घेतला, म्हणून आम्ही तो परत घेतो, असा त्यांच्या हक्काचा अर्थ.

स्कॉटलंडच्या सरहद्दीवर हुबेहूब हीच पद्धत होती. लुटारू घराण्याला गावाने दरसाल काही द्यायचे आणि त्या बदल्यात त्याने गावाला हात लावायचा नाही. त्या देण्याला तेथे जो शब्द होता तो आज जगभर पसरला आहे आणि मराठी वर्तमानपत्रांतही रोज छापला जातो. तो शब्द ब्लॅकमेल. त्यातील उत्तरपदाचा अर्थ तेथील जुन्या बोलीत खंड किंवा सारा असा होता. आपण समजतो तसा टपालाशी त्याचा संबंध नाही.

१८१८ नंतर माल्कमने या प्रश्नावर जो उपाय योजला तो असा: गिरासियांना जे द्यायचे ते गावांनी परस्पर न देता सरकारी खजिन्यातून तनखा म्हणून द्यावे, रक्कम लेखी ठरवावी आणि तिची हमी इंग्रजांनी घ्यावी. त्याच्या बदल्यात त्यांनी लूट सोडावी. या व्यवस्थेने माळव्यात शांतता आली, हे नाकारता येणार नाही. पण तिची किंमतही पाहिली पाहिजे. होळकरांच्या प्रदेशातील ठाकूर आता होळकरांच्या शब्दावर विसंबून राहिले नाहीत. ते इंग्रजांच्या हमीवर विसंबले. गढीच्या दरवाजाला अडसर घालण्याची गरज संपली, कारण अडसर आता रेसिडेन्सीच्या दप्तरात गेला होता.

१८०१ चे इंदूर

परंतु ही शांतता येण्यापूर्वी इंदूरने काय भोगले ते सांगितले पाहिजे. अहिल्याबाईंच्या कारकिर्दीत राजधानी महेश्वरी होती. इंदूर हे व्यापाराचे, वस्तीचे गाव म्हणून वाढत होते. मल्हाररावांच्या काळात १७४७ च्या सुमारास येथे राजवाड्याचे काम सुरू झाले होते. १३ ऑगस्ट १७९५ रोजी अहिल्याबाई वारल्या, दोन वर्षांनी तुकोजीरावही वारले आणि वारसाहक्काच्या भांडणात शिंदे व होळकर समोरासमोर आले.

एप्रिल १८०१ मध्ये दुसऱ्या बाजीरावाने यशवंतरावांचे बंधू विठोजी यांस शनिवारवाड्यासमोर हत्तीच्या पायी देऊन मारले. त्याच वर्षीच्या जुलै महिन्यात यशवंतरावांनी उज्जैनीजवळ शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला. त्याचा सूड म्हणून दौलतराव शिंद्यांनी आपले सासरे सर्जेराव घाटगे यांस फौज देऊन इंदूरवर पाठविले. ऑक्टोबरमध्ये इंदूरपाशी लढाई झाली. यशवंतरावांना माघार घ्यावी लागली. नगर लुटले गेले. राजवाडा उद्ध्वस्त करण्यात आला.

येथे क्षणभर थांबून विचार करावा. इंदूरचा पहिला राजवाडा कोणा परकीयाने पाडलेला नाही. शिंदे आणि होळकर यांच्या पूर्वजांनी खांद्याला खांदा लावून माळवा घेतला होता, आणि दोन पिढ्यांत एकाने दुसऱ्याचे घर खणून काढले. तट परक्यापासून रक्षण करतो. भावकीपासून रक्षण करणारा तट अद्याप कोणाला बांधता आलेला नाही. पुढील वर्षी, २५ ऑक्टोबर १८०२ रोजी, यशवंतरावांनी हडपसरजवळ शिंदे व पेशवे यांच्या संयुक्त फौजेचा पराभव करून पुणे घेतले. बाजीरावाने वसईस जाऊन इंग्रजांशी तह केला. इंदूरच्या पडलेल्या भिंतींतूनच ती वाट वसईपर्यंत गेली, असे म्हटल्यास ते अतिशयोक्तीचे होणार नाही.

तहाचा कागद

२८ ऑक्टोबर १८११ रोजी यशवंतराव भानपुरा येथे वारले. पुत्र मल्हारराव अल्पवयीन होते. कारभार तुळसाबाईंच्या हाती आला. फौजेचा पगार थकलेला, सरदारांत फूट पडलेली. २० डिसेंबर १८१७ रोजी तुळसाबाईंचा वध झाला आणि दुसऱ्याच दिवशी क्षिप्रेच्या काठी महिदपूर येथे सर थॉमस हिस्लॉप व माल्कम यांच्या फौजेशी होळकरांची लढाई झाली. होळकरांचा तोफखाना मोठ्या निकराने लढला, पण दिवस हातचा गेला. ६ जानेवारी १८१८ रोजी मंदसोर येथे तह झाला. होळकरांच्या वतीने वाटाघाटी करणारे होते तात्या जोग आणि इंग्रजांच्या वतीने माल्कम.

तहान्वये सातपुड्याच्या दक्षिणेकडील सर्व मुलूख, खानदेशासह, होळकरांच्या हातून गेला. इंग्रजी फौज होळकरांच्या प्रदेशात राहील असे ठरले व महूची छावणी वसली. त्यानंतर राजधानी कायमची इंदूरला आली.

या तहाचा एक अत्यंत कटू प्रसंग खानदेशात घडला. तापीकाठचे थाळनेर हे होळकरांचे ठाणे तहाने इंग्रजांकडे गेले होते. फेब्रुवारी १८१८ मध्ये हिस्लॉप तेथे पोचला तेव्हा किल्लेदाराने ताबा देण्यास नकार दिला. दरवाजापाशी गोंधळ होऊन काही इंग्रज अधिकारी पडले. त्यानंतर आतील शिबंदीची कत्तल झाली आणि किल्लेदारास फाशी देण्यात आले. आपल्या धन्याने दूर मंदसोरात सही केली आहे आणि आपण उभे आहोत तो तट कालपासून आपला नाही, हे त्या माणसांना पटले नसावे. ज्यांचे आयुष्य भिंतीवर विश्वास ठेवण्यात गेले, त्यांना कागदाने एका दिवसात बंडखोर ठरविले. या कृत्याविषयी पुढे ब्रिटिश पार्लमेंटातही प्रश्न विचारले गेले.

स्कॉटलंडच्या सरहद्दीचा इतिहासही अशाच फाशीने डागाळलेला आहे. १५३० मध्ये पाचव्या जेम्स राजाने गिलनॉकीच्या जॉनी आर्मस्ट्राँग यास, तो भेटीस आला असता, साथीदारांसह झाडावर लटकाविले. पुढे १६०३ मध्ये दोन्ही राजमुकुट एकाच मस्तकावर आले आणि सरहद्दच नाहीशी झाली. लुटारू घराण्यांतील कित्येकांना फाशी, कित्येकांना हद्दपारी मिळाली. मनोरे ओस पडले, छपरे कोसळली, दगड शेतांच्या कुंपणांना गेले. शांततेचे आगमन सर्वत्र असेच झालेले दिसते: आधी फास, मग कागद, आणि शेवटी पडझड.

गरज संपल्यावर बांधलेला मनोरा

आता मूळ मुद्द्याकडे येतो. मंदसोरच्या तहानंतर तात्या जोग होळकरांचे दिवाण झाले. त्यांचे मूळ नाव विठ्ठल महादेव किबे. कर्तबगार, हिशेबी आणि दूरदर्शी मनुष्य. माल्कमनेही आपल्या ग्रंथात त्यांची वाखाणणी केली आहे. त्यांच्याच कारभारात उद्ध्वस्त राजवाड्याच्या उभारणीचे काम चालू झाले. तात्या जोग १८२६ मध्ये वारले. काम पुढे चालू राहिले आणि १८३३ च्या सुमारास पुरे झाले.

काय बांधले गेले ते पाहा. सात मजली प्रवेशमंदिर. खालचे तीन मजले दगडी, वरचे चार लाकडी. दर्शनी अंगाच्या टोकांना गोल बुरूज. मध्यभागी लोखंडी खिळे ठोकलेला प्रचंड दरवाजा. त्यावर एकावर एक झरोके, सज्जे, कोरीव महिरपी. आत चौक, चौकाभोवती दालने, दरबाराची जागा आणि होळकरांचे कुलदैवत मल्हारी मार्तंडाचे देवघर. गढीची जी यादी मी आरंभी वाचली, ती सर्व येथे आहे: बुरूज, दरवाजा, देवडी, चौक, देवघर. फक्त ती सातपट उंच झालेली आहे.

परंतु हे सर्व कोणापासून संरक्षणासाठी? महूला इंग्रजी फौज होती. शिंद्यांचे हात बांधलेले होते. पेंढारी संपले होते. गिरासियांना तनखा मिळत होता. ज्या माणसाने भिंतीची गरज संपविणाऱ्या कागदाची बोलणी केली, त्याच्याच कारभारात माळव्यातील सर्वांत भव्य बुरूज उभे राहिले. दरवाजावरचे खिळे हत्तीच्या मस्तकासाठी असत. पण आता इंदूरवर हत्ती घेऊन कोणी येणार नव्हता.

यात विसंगती आहे असे मला वाटत नाही. १८०१ मध्ये ज्या नगराने आपल्या धन्याचे घर पडलेले पाहिले, त्या नगराला ते पुन्हा उभे राहिलेले पाहणे आवश्यक होते. तहाने अर्धा मुलूख गेला होता, तोफखाना गेला होता, परराष्ट्रव्यवहार गेला होता. उरली होती ती प्रतिष्ठा, आणि प्रतिष्ठेला दुसरी भाषा ठाऊक नव्हती. म्हणून तिने गढीचीच भाषा वापरली, पण मोठ्या आवाजात.

योगायोग असा की याच वर्षांत, १८१७ ते १८२५ च्या दरम्यान, स्कॉटलंडच्या त्याच सरहद्दीवर कादंबरीकार सर वॉल्टर स्कॉट अ‍ॅबट्सफर्ड येथे आपले घर बांधीत होता. त्यालाही बुरुज्या होत्या, कंगोरे होते. आणि त्यालाही कोणाची भीती नव्हती. माल्कम आणि स्कॉट यांचा स्नेह होता. स्वतः माल्कमने मांडवगडाजवळ नालछा येथे एका जुन्या पडक्या महालाची डागडुजी करून तेथे मुक्काम केला होता. १८३३ मध्ये तो मरण पावला आणि दोनच वर्षांनी लँगहोमजवळच्या टेकडीवर त्याच्या स्मरणार्थ १०० फूट उंच दगडी स्तंभ उभारला गेला. उंच दगडी वास्तू बांधण्याची त्या मुलखाची सवय गरज संपल्यावरही सुटली नाही. आपलीही सुटली नाही.

तीन आगी, दोन धडे

राजवाडा पुरा झाला आणि वर्षभरातच, १८३४ मध्ये, लागलेल्या आगीत त्याचा वरचा भाग जळाला. तो पुन्हा नीट करण्यात आला. दीडशे वर्षांनी, १९८४ मध्ये, पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हत्येनंतर देशभर जी दंगल उसळली, तिच्यात राजवाड्याच्या मागील भागाला आग लावली गेली. दालने, तुळया, कोरीव खांब यांची राख झाली. समोरचा सात मजली दर्शनी भाग तेवढा उभा राहिला. पुढे बरीच वर्षे मागील मोकळ्या जागेत फक्त बाग होती. इंदुरात येणारा पाहुणा समोरून भव्य प्रासाद पाहत असे आणि दारातून आत गेला की आकाश पाहत असे.

२००६-०७ मध्ये उषादेवी होळकर यांच्या पुढाकाराने मागील भागाची पुनर्रचना झाली. काँक्रीटचा सोपा मार्ग सोडून मूळ पद्धतीने दगड, वीट, चुना आणि लाकूड वापरण्याचा आग्रह तेथे धरला गेला, ही स्पृहणीय गोष्ट आहे. त्यानंतर दर्शनी भागाच्या मजबुतीचेही मोठे काम झाले. अहिल्याबाईंच्या त्रिशताब्दीच्या निमित्ताने २० मे २०२५ रोजी मध्य प्रदेश मंत्रिमंडळाची बैठक याच राजवाड्यात भरली. दरबार पुन्हा कचेरी झाला, एका दिवसापुरता का होईना.

या हकिगतीतून मी दोन धडे घेतो. पहिला असा की, राजवाड्यावर तीन आघात झाले आणि त्यांपैकी एकही परकीय शत्रूचा नव्हता. १८०१ ला भावकी, १८३४ ला आग, १९८४ ला आपलेच नागरिक. बुरूज तिन्ही वेळा जागेवर असून उपयोगाचा ठरला नाही. जुन्या वास्तूचे खरे रक्षण तिच्या भोवती राहणाऱ्यांच्या मनाने होते; तेथे ढिलाई झाली की तीन मजल्यांचा दगडही पुरत नाही.

दुसरा धडा पुनर्रचनेचा. जे जळाले ते पुन्हा बांधता आले, कारण त्याची छायाचित्रे होती, मापे होती, जोती शिल्लक होती आणि आठवण ठेवणारी माणसे होती. नोंद असली तर वास्तू परत येऊ शकते. नोंद नसेल तर ती दोनदा मरते, एकदा मातीत आणि एकदा स्मरणात.

नोंदीचे काम

म्हणून शेवटचे निवेदन राजवाड्याविषयी नाही. त्याची काळजी घेणारे आज आहेत. माझे निवेदन त्या लहान, अनाम, मातीच्या गढ्यांविषयी आहे, ज्या माळव्यात, खानदेशात, मराठवाड्यात गावोगाव ढासळत आहेत. त्यांना ना आग लागते, ना त्यांवर कोणी चाल करून येते. पावसाळ्यागणिक एक थर खचतो. दख्खनेत गढीची पांढरी माती लोक माळवदावर घालण्यासाठी, शेतात टाकण्यासाठी गाड्या भरभरून नेत आले आहेत. त्यात दुष्टपणा नाही; माती उपयोगी आहे आणि गढी निरुपयोगी, असा साधा हिशेब आहे. त्या हिशेबाला उत्तर म्हणून केवळ भावनेची व्याख्याने पुरणार नाहीत.

स्कॉटलंडमध्ये डेव्हिड मॅकगिबन आणि टॉमस रॉस या दोन वास्तुविशारदांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस देशभर हिंडून तटबंद घरांचे आराखडे काढले आणि १८८७ ते १८९२ या काळात पाच खंडांत ते प्रसिद्ध केले. पुढे जे मनोरे पडले त्यांतील कित्येक आज त्या खंडांतच उभे आहेत. गिलनॉकीचा मनोराही दीर्घकाळ बिनछपराचा अवशेष होता. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याची डागडुजी होऊन तो पुन्हा नांदता झाला. आपल्याकडे कागदपत्रांच्या बाबतीत हे काम मोठ्या निष्ठेने झाले. राजवाड्यांनी दप्तरे धुंडाळली, १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले, इंदुरात वा. वा. ठाकूर यांनी होळकरशाहीच्या इतिहासाची साधने संपादिली. कागद आपण जपला. भिंतीची मापे मात्र घेतली नाहीत. तहाचा कागद भिंतीवर विजयी झाला तो असा दुसऱ्यांदाही.

हे काम करण्यासाठी मोठ्या संस्थेची वाट पाहण्याचे कारण नाही. हातोद, देपाळपूर, गौतमपुरा, सांवेर या पट्ट्यात ज्यांची घरे आहेत, अशा माजी विद्यार्थ्यांनी आपापल्या गावापुरते पाहावे. जेथे जुना कोट, बुरूज, तटाचे जोते किंवा नुसता 'गढी' नावाचा उंचवटा असेल, तेथे धन्याची परवानगी घेऊन दोरीने चारी बाजू मोजाव्यात. दरवाजा कोणत्या दिशेस आहे, आड कोठे आहे, दगडाचे थर किती आणि माती कोठून सुरू होते, हे वहीत लिहावे. चारी कोपऱ्यांची छायाचित्रे काढून मागे तारीख घालावी. तेथे कोण राहत होते, हे गावातील वडीलधाऱ्यांना विचारून त्यांच्याच शब्दांत उतरून घ्यावे. ऐकीव गोष्ट ऐकीव म्हणून आणि पाहिलेली पाहिलेली म्हणून. अशा वह्या शाळेच्या कपाटात जमा झाल्या, तर पन्नास वर्षांनी एखाद्या अभ्यासकास त्या कपाटातच एक अख्खा मुलूख सापडेल.

गढी बांधणाऱ्याने पेव आणि जंगी शेजारी शेजारी ठेवली होती, कारण धान्य आणि पहारा यांची फारकत त्याला परवडणारी नव्हती. आपल्याला पहाऱ्याची गरज उरलेली नाही, हे आपले भाग्य. पण पेवात काय साठवायचे, हे आपणांस अजून ठरवायचे आहे. माझ्या मते ते नोंदींनी भरावे.